लांब्याच्या खांद्यातला तुकडा

मी, नेमबाजी क्लबच्या काडतूस-कोठाराचा माजी रखवालदार, वय एकाहत्तर, आपल्या पश्चात काय व्हावे ते आज स्वहस्ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. का, ते सांगणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी रेंजवर पोलादी पत्र्याच्या निशाणावर रायफलचा सराव चालू होता. एका गोळीचा तुकडा मागे उसळला आणि निशाणे लावणाऱ्या माझ्या मित्राच्या, लांब्याच्या, खांद्यात रुतला. पोलादी गाभ्याच्या गोळ्या अशा उलटतात, म्हणून रेंजवर त्यांना बंदी होती. प्रत्येक पेटीतल्या गोळ्यांना चुंबक लावून, चिकटत नाही हे पाहूनच मी काडतुसे देत असे. पण त्या दिवशी मला ताप होता. माझा मेहुणा क्लबचा सेक्रेटरी. चौकशीत त्याने विचारले, "सगळ्या पेट्या तपासल्या होत्या?" मला छातीठोकपणे हो म्हणता येईना. मी नोकरी सोडली. तुकडा शिरेजवळ असल्याने डॉक्टरांनी तसाच राहू दिला. पुढे त्या आधीच्या मृत्युपत्रात मी अर्धे घर गुपचूप लांब्याच्या नावे लिहिले.

यंदा लांब्याचा खांदा आखडला, शस्त्रक्रिया झाली आणि तुकडा निघाला. तो बाटलीत घालून लांब्या घरी आला. "लाव चुंबक. एकदाचं कळू दे."

मी चुंबक टेकवला. तुकडा हलला नाही. पालथा केला, पुन्हा टेकवला. ढिम्म. शिसे आणि वर तांब्याचा पापुद्रा. गोळी योग्यच दिली होती. मी खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो, आणि लांब्या म्हणाला, "अरे, दुखत माझं होतं ना?"

संध्याकाळी मेहुणा आला. खाली मान घालून म्हणाला, "भावोजी, पत्र्याला खड्डे पडले होते. खड्ड्यातून शिसंही उलटतं. तो बदला म्हणून तुम्ही दोनदा बजावलं होतं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी तो पत्रा भंगारात घातला." त्याने हे क्लबला लेखी कळवले आहे. त्याच्यावरचा राग मी येथेच सोडतो. त्याचा डोळा असलेले भिंतीवरचे घड्याळ मात्र त्याला देणार नाही.

संपूर्ण घर व शिल्लक पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. अर्ध्या घराची गोष्ट मी पत्नीला परवा सांगितली. ती म्हणाली, "अर्धं म्हणजे कुठलं? स्वयंपाकघर धरून?" मग बराच वेळ माझा हात सोडला नाही.

चुंबक मुलीला, कोठार आता तीच सांभाळते. बाळ, चुंबक गोळीच्या टोकाला लाव, मागच्या दारू भरलेल्या नळीला नव्हे. पेटीवरच्या छापील अक्षरांवर विसंबू नकोस. चिकटली तर पेटी परत, मग समोर कोणीही असो. आणि खड्डा पडलेला पत्रा त्याच दिवशी उतरव.

माझी अवजारांची पेटी लांब्याला द्यायची होती. तो म्हणाला, "नको. वस्तू घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही म्हणतात. मला साक्षीदार कर."

"कशाचा?"

"तू चुकला नव्हतास, याचा."

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: नऊ मार्च

सही: कोठारवाला

आम्हा दोघांच्या देखत त्याची सही झाली, आम्हीही त्याच्या देखत केली:
१. लांब्या, निशाणे लावणारा
२. डॉक्टरीणबाई, शेजारी