लंडनच्या पेटीचे चारशे रुपये

पनवेल, बुधवार, ८ जून १९६६

पेटीचं सागवान मी रंधलं. भाता मी चिकटवला, पट्ट्या मी कापल्या, त्यांखालच्या स्प्रिंगा मी वाकवल्या. कुणी शिकवलं नाही. एक मोडकी पेटी उघडून शिकलो. फक्त आतले पितळी सूर जर्मनीचे, आणि ते अजून आणायचेत.

आज मुंबईच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी. सोमवारी सरकारने रुपया उतरवला, सूर आता दीडपटीने पडतील. म्हणजे माझी सगळी मजुरी सुरांतच जाणार. पण लंडनच्या देसायांना चारशेचा शब्द दिलाय, तो फिरवणार नाही.

पोस्टमास्तर म्हणाले, "दादा, विलायतेत बँका व्याज चांगलं देतात, पैसा तिकडेच थांबतो. इकडे नुसती महागाई. रुपयाला विचारतो कोण?"

घरी हिला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वर्षभर सांगतेय, रुपयाला पूर्वीएवढे तांदूळ येत नाहीत. तुम्ही म्हणालात, रुपया तोच आहे, तुझाच हात सैल."

म्हणालो होतो खरा. केसभर उतरलेला सूर मला लगेच कळतो, मग हे कसं कळलं नाही? तांदूळ तर रोज ताटात होते.

आता काय करणार? सूर घ्यायचे, पेटी पाठवायची.

मार्चमध्ये लंडनहून देसायांनी लिहिलं होतं, किंमत पौंडांत ठरवू, तुमच्याच सोयीचं. मी ऐटीत कळवलं, आम्हाला आपला रुपया चालतो.

तीस पौंड देत होते. तेव्हाचे चारशेच, आजचे सहाशे तीस.