चॅनलवर आई आजारी

४ फेब्रुवारी, रविवार
आजपासून शिस्त. आधी रोजचं भाषांतर, मगच चॅनल. चॅनल म्हणजे जुन्या पद्धतीचं इंटरनेट चॅट. फोटो नाही, लाइकचा अंगठा नाही, काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी. मंजुषा म्हणते, नवरा बंद टीव्हीसमोर बसल्यासारखा दिसतो. बायकोला काय कळणार? तिथे जगभरातले प्रोग्रामर बसून शाळकरी मुलांसाठी चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर बनवतात. त्यातलं मराठी मंगरूळपीरच्या अनुपच्या, म्हणजे माझ्या खांद्यावर आहे.

संध्याकाळ. अनडू, म्हणजे चुकलेलं मागे घ्यायचं बटण, त्याला मराठीत काय म्हणावं यावर सखोल विचार. ठरलं नाही. चॅनलवर मात्र बसलो. वातावरण लागतं.

७ फेब्रुवारी, बुधवार
हेल्गाबाईंनी विचारलं, मराठी कुठवर आलं? या नॉर्वेच्या, रिटायर लायब्रेरियन, चॅनलच्या सर्वेसर्वा. मी लिहिलं, आई सिरियस आहे, दवाखान्यात आहे. का लिहिलं माहीत नाही, बोटांनी परस्पर टाइप केलं. तेव्हा आई अंगणात शेजारणीशी भांडत होती, चांगल्या खणखणीत आवाजात.

सगळ्यांनी धीर दिला. ब्राझीलचा एक जण चर्चमध्ये मेणबत्ती लावणार आहे. फार वाईट वाटलं. उद्यापासून दुप्पट काम.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
हेल्गाबाई रोज तब्येत विचारतात. काम शून्य. आई दवाखान्यात आणि मुलगा धडाधड भाषांतर करतोय, हे बरं दिसणार नाही.

आईला बीपी तपासायला नेलं. काही निघालं असतं तर मी निदान अर्धा खरा ठरलो असतो. काही निघालं नाही. वाटेत आई विचारत होती, मले काय झालं, कायले फिरवून राह्यला? म्हटलं, काळजी वाटते. तिने भर स्टँडवर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासाठी संत्री घेतली. दोन मीच खाल्ली.

१२ फेब्रुवारी, सोमवार
मंजुषाने मागून स्क्रीन वाचला. परदेशी लोक आईची सहज विचारपूस करतात, एवढंच सांगितलं. तिने ते लगेच आईच्या कानावर घातलं. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, एवढं तर सख्खी बहीनबी पुसत नाही. दुपारभर बसून तिळाचे लाडू वळले. त्या नॉर्वेवालीले धाड म्हणते.

पोस्टात तीळ घेत नाहीत असं सांगितलं. डबा घेऊन चॅनलसमोर बसलो. लाडू घशाखाली उतरेनात. नंतर उतरले.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
हेल्गाबाईंनी माझ्यासाठी नवी आवृत्ती पुढे ढकलली! शाळा खोळंबल्यात, पण कुणी चकार शब्द काढला नाही. रडू आलं. आता खरं सांगायचंच. मी खोटं बोललो, माफ करा, असं लिहूनही काढलं. मग वाटलं, एवढ्या चांगल्या माणसांना दुखवायचं कशाला? आई बरी झाली म्हटलं की सगळेच खूश. उद्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार
लिहिलं: आई ठणठणीत झाली, घरी आली. अभिनंदनाची वाट बघत बसलो. चॅनल गप्प.

मग हेल्गाबाईंचा फक्त मला निरोप. अनुप, गेल्या जुलैत तू कळवलं होतंस की आई वारली, म्हणून मराठी राहिलं. आम्ही सगळे चॅनलवर दोन मिनिटं स्तब्ध बसलो होतो. गेल्या आठवड्यात ती दवाखान्यात आहे म्हणालास, तेव्हा तुला कुणी टोकलं नाही. दुःखात माणसाचं असं होतं. सावकाश सावर. मराठीसाठी आम्ही थांबू.

जुलैत लिहिलं होतं खरं. तेव्हा कशासाठी लिहिलं, तेही आठवत नाही.

आई चहा घेऊन आली. काय म्हनते तुही नॉर्वेवाली, विचारू लागली. म्हटलं, तुझंच विचारते. तर म्हणाली, सांग तिले, मी बरी हाव.

म्हटलं, सांगितलं आई. तिला पटत नाही.