डावीकडचा रस्ता

शुक्रवार, ७ मार्च

उद्या तळ्यावर. दादाची गाडी, दादाचा बेत, दादाचं वेळापत्रक! म्हणायला बाबांना हवापालट. खरं कारण तो परवा फोनवर बोलला — "दोन दिवस जवळून बघ त्यांना. मग सांग, या घरात एकटं ठेवायचं का." थोडक्यात परीक्षा, आणि ज्याची आहे त्याला पत्ताच नाही. दादा विम्याचे दावे तपासतो, त्याला सगळीकडे पुरावा लागतो. त्याच्या घरी बाबांची खोली तयारसुद्धा आहे. पडदे लावून झालेत.

आई गेल्याला दोन वर्षं होतील. बाबा आपलं आपण करतात. दूध उतू जातं कधी कधी. माझं नाही का जात?

झोप येत नाहीये, सहलीच्या आदल्या दिवशी लहानपणी यायची नाही तशी. दर वर्षी एकदा तळं ठरलेलं. भल्या पहाटे आम्हाला झोपेतच उचलून मागच्या सीटवर टाकायचे, ते डोळे उघडायचे थेट पाण्यापाशी. रस्ता आम्ही कधी पाहिलाच नाही. नुसता ऐकला. नकाशा उलगडल्याची करकर, आईचं "अहो, आता वळा!", मग मध्येच गाडी थांबायची, कपांचा आवाज, आणि दोघांचं हळू हसणं. पोचलो नाही अजून, एवढं कळायचं आणि मी पुन्हा झोपायचे. इतकं सुरक्षित मला नंतर कुठेच वाटलेलं नाही.

बाबा चाळीस वर्षं कचेरीत नकाशे काढायचे. पण गाडीत नकाशा आईच्या मांडीवर! आल्यागेल्याला ऐकवायची — "मी शेजारी नसले ना, तर हे नकाशेवाले कोपऱ्यावरच्या दुकानात पोचायचे नाहीत." बाबा निमूट मान डोलवायचे.

शनिवार, ८ मार्च

नको तेच झालं.

दादा चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. पेट्रोल पंपापुढे फाटा आला. फोनमधली बाई म्हणाली उजवीकडे. बाबा म्हणाले, "डावीकडे घे."

"बाबा, उजवीकडे आहे तळं."

"डावीकडे घे रे."

दादानं माझ्याकडे आरशातून पाहिलं आणि घेतली डावीकडे. नुसते खड्डे! फोनमधली बाई दर दोन मिनिटांनी मागे वळा म्हणत होती. शेवटी मीच तिचं तोंड बंद केलं. अर्ध्या तासानं नदी लागली. बाबांनी एका झाडाखाली थांबायला लावलं, थर्मास काढला, दोन कप भरले. एक स्वतः घेतला, दुसरा बॉनेटवर ठेवला.

"मी चहा सोडून दहा वर्षं झाली, बाबा," दादा म्हणाला.

"अं? असू दे."

तो कप गार झाल्यावर मी प्यायले. बाबा नदीकडे बघत उभे होते. खुशीत होते! त्याचंच मला जास्त भय वाटलं. चाळीस मिनिटांचा रस्ता, पावणेदोन तास लागले.

तळ्यावर दादानं मला बाजूला घेतलं. "नकाशे काढणारा माणूस रस्ता चुकतोय. अजून काय बघायचंय तुला?"

न्यायला मी हो म्हणाले.

रविवार, ९ मार्च

परत उजवीकडच्या रस्त्यानं आलो. सरळ, गुळगुळीत, कंटाळवाणा. घरी दादानं विषय काढला. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाला. बाबांनी ऐकून घेतलं. "तुम्ही दोघांनी ठरवलंय ना? मग झालं." एवढंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १२ मार्च

आवराआवरीसाठी बाबांकडेच राहिलेय. चष्मा तीनदा हरवला. तिन्ही वेळा माझा.

शुक्रवार, १४ मार्च

माळ्यावर पत्र्याची नळी सापडली. आत तळ्याचा नकाशा — तोच, आईच्या मांडीवरचा! घड्यांवर विरलेला, चहाचे डाग पडलेला. फाट्यापाशी उजवीकडे ठसठशीत शाईनं लिहिलंय: तळे, ४० मिनिटे.

आणि डावीकडे, नदीच्या काठाकाठानं, पेन्सिलीची बारीक रेघ. तिच्याखाली बाबांचं मुंगीएवढं अक्षर —

"हिने नकाशा उलटा धरला. डावीकडे सांगितले. वळलो. नदी पाहून ही फार खूश. बोललो नाही."

त्याच्याखाली वर्षं. नुसती वर्षं, एकाखाली एक. मोजली, एकतीस. आम्ही दोघं घर सोडून गेलो तरी ही दोघं जातच होती, आणि आम्हाला पत्ता नाही! दोघांचं शेवटचं वर्ष आई गेली त्याच्या आदलं. त्याखाली यंदाचं, ताज्या पेन्सिलीनं.

माळ्यावरच रडले. धुळीनं शिंकाही आल्या. खालून बाबा म्हणाले, "उतर आता, सर्दी होईल."

शनिवार, १५ मार्च

सकाळी विचारलंच. "दादा एवढं बोलत होता, मग सांगितलं का नाहीत?"

पेपरातून मान वर केली नाही. "तिच्या माघारी तिची चूक कशाला सांगायची?"

दादाला नकाशाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं — उद्या येऊ नकोस. पडदे काढून ठेव.