मुलगी बेंगळुरातच दिली आहे

मी, कस्तुराबाई, वडिलांचं नाव मल्हारराव, मूळ गाव निपाणीजवळचं, वय सहासष्ट, शिशुगृहातली निवृत्त आया, राहणार कोरमंगला गावठाण, बेंगळुरू, हे मृत्युपत्र राजीखुशीनं सांगून लिहवून घेते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर नयनांनी सकाळीच तपासलं. त्यांनी वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांचा कुर्ता उलटा आहे तेही सांगितलं. त्या "सरी, सरी", बरं बरं, म्हणाल्या आणि दाखला लिहून दिला.

लिहून घेणारी ईरा, माझी वरच्या खोलीतली भाडेकरू. पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला, सातवा महिना चालू. लग्न झालेलं नाही, आणि ज्याच्याशी व्हायचं होतं तो फोन उचलत नाही. बाळ आपण वाढवावं की दत्तक द्यावं, हे तिचं ठरत नाही. तिच्या वतीनं ठरवायला मात्र अख्खी गल्ली तयार आहे. माझं हृदय कधीही संपावर जाईल म्हणतात. मी गेल्यावर या पोरीला कुणी घाई करू नये, म्हणून हा कागद आज करतेय.

कलम एक. घर. हे घर स्वकष्टार्जित आहे. ते माझा भाचा कृष्णात याला द्यावं, दोन अटींवर. पहिली अट: वरची खोली बाळंतपणानंतर एक वर्षापर्यंत ईराची, बिनभाड्याची. तिनं बाळ ठेवलं तर बाळासकट, टाकलं तर एकटीनं. दोन्ही वेळा खोली तीच, गरम पाणी तेच, आणि कृष्णाता, तुझं तोंडही तेच ठेवायचं, हसरं.

(ईरा, तू काय लिहिलंस ते मला दिसलं. मी "दिलं तर" म्हणाले होते. टाकतात ते खरकटं. पण राहू दे, शब्द तुझा आहे, मी खोडायला सांगणार नाही.)

दुसरी अट: कृष्णात आणि त्याची बायको शिवलीला यांनी ईराकडे बाळ मागायचं नाही. तोंडानं नाही, डोळ्यांनी नाही, होळग्यांनी, म्हणजे पुरणपोळ्यांनी, तर अजिबात नाही. गेल्या रविवारी शिवलीला डबाभर होळग्या घेऊन वर गेली आणि म्हणाली, "अक्का, बाळ घरातल्या घरात राहील." होळग्या झकास होत्या, मीच चार खाल्ल्या. पण ईरा दोन दिवस दार लावून बसली. अगं शिवलीला, अकरा वर्षं तू काय सोसलंस ते मला माहीत आहे. आई होशील तर चांगलीच होशील. पण जिचं अन्न खाल्लं तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून रीतसर अर्ज कर आणि रांगेत थांब. माझं तांब्याचं घंगाळ तुला देते. नंबर लागेल तेव्हा त्यात बाळाला आंघोळ घाल, तोवर चिंचेनं घासून ठेव.

कलम दोन. माझी निळी वही शिशुगृहाला द्यावी. अडलेल्या पोरींना मी जे सांगत आले ते तीत आहे. थोडं इथंही लिहविते, कारण ईरा वही उघडत नाही, म्हणते अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे.

पोरी, आधी आई, मावशी, मित्र, सगळ्यांना खोलीबाहेर बसव. मग स्वतःला विचार. आज एक उत्तर येईल, उद्या दुसरं. त्यात वेडेपणा काही नाही. कागद तुला कळणाऱ्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. बाळ बघावंसं वाटलं तर बघ, घ्यावंसं वाटलं तर घे, नको वाटलं तर कुणी दगड म्हणणार नाही. कुणी दागिना, भेटवस्तू दाखवली तर चप्पल दाखव. आणि सही झाली तरी साठ दिवस तुझे आहेत. साठ दिवसांत केव्हाही जाऊन म्हणता येतं, माझं बाळ मला परत द्या. ठेवलंस तर तू शूर आणि दिलंस तर भित्री, किंवा त्याच्या उलट, असं सांगणारे रिकामटेकडे असतात.

कलम तीन. आता हे मला कसं कळलं ते. एकोणीसशे एकोणऐंशी साली मला मुलगी झाली. तिच्या बापाला या कागदात जागा नाही. वडिलांनी मला इथल्या शिशुगृहात आणलं. कारकुनानं रजिस्टरात कानडीत लिहिलं, "बिट्टु होद मगु", टाकून गेलेलं मूल. मला कानडी वाचता येत होतं. तरी सही केली.

अकराव्या दिवशी मी फाटकावर परत आले, मुलगी मागायला. रखवालदारानं विचारलं, "येनु बेकु?" काय पाहिजे? परत मागता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तोंडातून निघालं, "केलस." काम. आणि लागलं की हो काम! एकोणीस दिवस मी माझ्याच मुलीला आंघोळ घातली, कुणाला न सांगता. विसाव्या दिवशी एक जोडपं आलं. बाई बाळाला घेतल्याघेतल्या रडायला लागली आणि नवऱ्यानं बाळाला टोपी घातली ती मागचं पुढं करून. माणसं बरी वाटली. ती गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. अजूनही रडते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पुढं तीस वर्षं मी त्या कारकुनाच्या डोक्याशी उभी राहून "कोट्ट मगु", दिलेलं मूल, असं लिहवून घेतलं. फक्त माझ्याच नोंदीला हात लावायचा धीर झाला नाही. कारकून हयात असल्यास त्याला एक खोडरबर द्यावा.

कलम चार. जावयाची माफी. गल्लीत विचारायचे, "मूलबाळ?" मी म्हणायचे, "एक मुलगी आहे, बेंगळुरातच दिलीय." खोटं अक्षरही नव्हतं. पण लोकांना वाटलं लग्न करून दिली. मग ती पंचमीला माहेरी का येत नाही? मला जावई कडक करावा लागला. शेजारची यल्लव्वा दर पंचमीला त्याच्या नावानं बोटं मोडायची. मी त्याची देवनहळ्ळीला बदली केली, मग दुबईला. असा कुणी माणूस असेल तर बाबा, माफ कर. तू फार सोसलंस.

कलम पाच. मुलगी. वडिलांच्या सांगण्यावरून मी तेव्हा लिहून दिलं होतं की माझं नाव तिला कळवू नये. ते आजपासून रद्द. तसा अर्ज ईरानं शिशुगृहाकडे टपालानं पाठवला आहे. ती कधी विचारत आली तर नाव सांगा, हे घर दाखवा. माझ्या बुगड्या डॉक्टर नयनांकडे ठेवल्या आहेत, त्या तिच्या. मुलगी देताना घालायच्या असतात, माझ्याकडून उशीर झाला. नाही आली तर ती सुखात आहे असं समजावं आणि तिच्यामागं कुणी लागू नये.

मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टर नयनांनी करावी. ईरालाही साक्षीदार व्हायचं होतं. पण जिला काही मिळतं तिला साक्ष घालता येत नाही, म्हणून ती लेखनिक. वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

सही: कस्तुराबाई
स्थळ: कोरमंगला, बेंगळुरू. बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. डॉ. नयना (कुर्ता आता सुलटा आहे.)
२. योगीराज, किराणा दुकानदार

लेखनिक: आजींनी सांगितलं तसं लिहिलं. एक दुरुस्ती, सह्यांच्या आधी केलेली: कलम एकमध्ये "टाकलं तर" खोडून "दिलं तर" केलं आहे, तसंच वाचावं. खोडाखोड माझ्या हातची, मला कुणी सांगितलेली नाही. बाजूला आजींची आणि माझी सही आहे. त्याच ओळीतलं "ठेवलं तर" आहे तसंच आहे.
ईरा