टहरौलीचं शून्य

मंगळवार, संध्याकाळ

टहरौलीच्या आरोग्य केंद्राचा अहवाल आला आणि बाळंतिणींच्या मृत्यूंचा रकाना पुन्हा कोरा! कोरा म्हणजे कुणी दगावलं नाही, की कळवलंच नाही? जिल्ह्याची बेरीज मी कशी करायची? तडक फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, "सब राज़ी-खुशी हैं, दीदी. पर मौत के कॉलम में कुछ लिखना अपशकुन है."

ओरडणारच होते. पण आमची आई तरी बांगडी फुटली म्हणते का? 'वाढली' म्हणते.

मग समजावलं, "शून्य लिखो. मतलब सब ज़िंदा हैं."

ती हसली. "तब तो हर महीने लिखूँगी!"

आत्ताच तिचं शून्य आलं. कोऱ्या रकान्यानं डोकं उठवलं होतं, आता तिथंच नजर जातेय. हे शून्य वाढू नये. माझ्या अर्थानं नको आणि आईच्याही नको.