तितर दाखवण्याची जबाबदारी

१० सप्टेंबर २०१७, रविवार

झेबा मॅडमच्या पक्षीनिरीक्षण ग्रुपमध्ये नाव घातलं. दर रविवारी खामगावबाहेरच्या तलावामागच्या पायवाटेवर फिरतात. सगळे शिकलेले. मी सातवी. पण तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाटा सांभाळला, नजर तेज आहे. पुढच्या रविवारी तितर दाखवतो म्हणालो. टाळ्या पडल्या.

१७ सप्टेंबर, रविवार

झुडपाकडे बोट दाखवलं. मॅडम दुर्बिणीतून पाहून म्हणाली, जानराव काका, ती चप्पल आहे. सगळे हसले. माझ्या मते तितर चपलेमागे होतं.

२० सप्टेंबर, सकाळी

उपाय सापडला. भाच्याच्या कृषी केंद्रात पेरणीच्या ज्वारीची पिशवी फुटून पडली होती. दाणे सुरेख गुलाबी. पिशवीवर बारीक इंग्रजी. ज्वारी ओळखायला इंग्रजी कशाला? भाचा दुकानात नव्हता. किलोभर आणली, पायवाटेवर टाकली. रंग पाखरांना लांबून दिसेल.

घरी बायको सरस्वती दारातच म्हणाली, हाताले औषधाचा वास येऊन राह्यला, धुवा आधी. बायका उगाच घाबरतात. दोनदा धुतले.

२४ सप्टेंबर, रविवार

तितर दाखवलं. एक तितर, चार होले. सगळे उताणे.

पायवाटेला लागून अकरमचा बीटी कापूस आहे. त्यानं शुक्रवारी फवारलं होतं. ग्रुपमधले भाऊराव मास्तर म्हणाले, हे याचंच काम. अकरम शेताच्या धुऱ्यावर उभा होता. म्हणाला, मास्तर, मी दरसाल फवारतो. पाखरं याच वर्षी काऊन मरतील? माझ्यासमोर एक गुलाबी दाणा पडला होता. मी त्यावर पाय ठेवला.

दुपारी भाच्याला त्या गुलाबी ज्वारीबद्दल सहज विचारलं. तो ओरडला, मामा, त्याले जहर लावलेलं असते! तुम्ही खाल्ली तर नाही ना?

उद्या सगळ्यांना सांगणार. नक्की.

२५ सप्टेंबर

ताप आल्यासारखं वाटलं. थर्मामीटर लावला. नव्हता. पहाटे जाऊन उरलेले दाणे झाडून आणले, पुरले. म्हणजे अर्धी दुरुस्ती झाली.

१ ऑक्टोबर, रविवार

ग्रुपच्या वहीत मॅडमनं लिहिलं, शेजारच्या शेतातल्या फवारणीमुळे पाच पक्षी दगावले. मला म्हणाली, काका, तुम्ही वडीलधारे, साक्षीदार म्हणून सही करा. केली. अक्षर चांगलं आलं.

घरी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

८ ऑक्टोबर

आज सांगायचंच, असं ठरवून निघालो. नाक्यावर अकरमच भेटला. म्हणाला, चाचा, माह्या फलकनं शाळेत ऐकलं, बापानं पाखरं मारली म्हणून. नऊ वर्षांची पोर, माह्याशी बोलत नाही. फवारणी बंद केली मी.

मी म्हणालो, चांगलं केलंस.

हे माझ्या तोंडून कसं निघालं, कळत नाही. असो. बीटीला बोंडअळी लागत नाही. जिनिंगमध्ये सगळे म्हणायचे.

१५ ऑक्टोबर

गुडघा दुखतो म्हणून ग्रुपला गेलो नाही. दिवसभर गुडघा दुखला नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

अकरमच्या शेतात गेलो. एका दमात सगळं सांगितलं. ज्वारी, पायाखालचा दाणा, सही. तो हात उचलेल म्हणून चष्मा आधीच खिशात ठेवला होता.

त्यानं एक बोंड तोडलं, फोडून माझ्यापुढे धरलं. आत अळी. दुसरं फोडलं. तिसरं. चष्म्याशिवायही दिसत होतं. म्हणालो, मॅडमला सांगतो, मास्तरला सांगतो, वहीतली सही खोडतो.

तो म्हणाला, ते करा सावकाश. पह्यले फलकले सांगा.

मी म्हणालो, ती आता शाळेत असेल.

तो म्हणाला, आज रविवार आहे, चाचा. चला.