जास्वंदीची कात्री

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण तक्रार हे आहे. म्हणून क्षेमकुशल शेवटी लिहितो. तुझ्या बहिणीसाठी तू पिवळ्या, गेंदेदार जास्वंदीचे कलम आणले होतेस. त्या रोपवाल्याने तुला फसवले आहे. इतकी वर्षे पिवळी फुले देणारे झाड आता तांबडी, पाच पाकळ्यांची साधी फुले देत आहे. खताचे प्रमाण मी बदललेले नाही. पिठ्या ढेकूण दिसताच पाने साबणाच्या पाण्याने पुसतो. ती गेल्यापासून, म्हणजे गेले वर्षभर, एक पानही कोणाला तोडू दिलेले नाही. तशी पाटी फांदीला टांगली आहे. झाड स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर गेले. याहून अधिक निगा मी स्वतःच्या प्रकृतीचीही राखत नाही.

शिवाय मागील दाराच्या खिळ्यावरची तिची छाटणीची कात्री सापडत नाही. मला ती वापरायची नाही. परंतु रिकामा खिळा डोळ्यांत खुपतो.

प्रकृती ठीक. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावे.

तुझा,
भावोजी

१० मार्च

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

त्या बिचाऱ्या रोपवाल्याला सोडा हो! कलम म्हणजे दोन झाडे. खाली दणकट तांबड्या जास्वंदीचा खुंट, वर पिवळीची नाजूक फांदी. सांध्याखालून फुटवे येतात, ते दिसताक्षणी कापायचे. नाहीतर ते सगळे अन्न खातात आणि पिवळी उपाशी मरते. ताई तेच तर कापायची. तुम्ही खिडकीतून विचारायचात की ही काय कत्तल चालवली आहे, आणि ती म्हणायची की तुम्ही आपले वर्तमानपत्र वाचा. धन्य आहे तुमची! पाटी लावून तुम्ही चोरालाच पहारा दिलात.

खोडाशी गाठ दिसेल. तिच्याखालचे सारे कापा, विचार करत बसू नका. छाटलेल्या फांदीलाच नवे फूल येते.

लोभ असू द्यावा. झाडावरचा थोडा आवरावा.

तुमची,
धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाठ सापडली. तिच्या वर पेन्सिलीएवढी एकच फांदी जिवंत आहे. वर्षभर मी ज्याला पाणी घातले ते सर्व गाठीखालचे निघाले. याचा राग कोणावर काढावा? तिने जाण्यापूर्वी किल्ल्यांची जागा मला दोनदा सांगितली, दूधवाल्याचा हिशेब तीनदा. याविषयी एक अक्षर नाही! इतकी वर्षे सोबत राहून मी एवढे सांगण्याच्याही योग्यतेचा नव्हतो काय?

स्वयंपाकघरातील सुरीने एक फुटवा कापून पाहिला. साल सोलली गेली. कात्रीविषयी तू मौन पाळले आहेस. तू काही विसरणाऱ्यांपैकी नाहीस.

आशीर्वाद आहेतच, पण खुलासा हवा.

भावोजी

२५ मार्च

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

सोबतच्या पार्सलात कात्री आहे. ताईचे कपाट आवरले, त्या दिवशी मीच खिळ्यावरून काढून पिशवीत टाकली. सगळ्यांनी साड्या घेतल्या. मला साडी नको होती. मुठीवरच्या कापडी पट्टीत तिच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे, तेवढा हवा होता. माझ्या घरात कापायला एक रोप नाही. कात्री नुसती खणात पडून होती. विचारायला हवे होते. पण तुम्ही तेव्हा इतके ताठ बसला होतात की पाणी हवे का, हेही विचारवेना.

आता रागवा. पण आधी कापा.

तुमची,
धाकटी

११ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कापले. शेजाऱ्यांनी विचारले की झाडाशी माझे भांडण झाले काय. पेन्सिलीएवढ्या फांदीला आता तीन धुमारे आहेत, पाने रुंद व तकतकीत. एक कळी आली असून तिचे टोक पिवळे आहे.

कात्री आजच्या टपालाने परत पाठवत आहे. पाती पुसून तेल लावले आहे. पट्टीला हात लावलेला नाही. ती तुझ्याकडेच राहावी.

मात्र सांध्याखाली पुन्हा तांबडे फुटवे दिसू लागले आहेत, आणि ते कापण्याचे साधन माझ्यापाशी नाही. ज्याच्याकडे कात्री आहे, त्याने येणे प्राप्त आहे. दर महिन्यास यावे लागेल, असा माझा अंदाज आहे. मी खिडकीत बसून कत्तलीस हरकत घेईन. तू मला वर्तमानपत्र वाचायला सांगावेस.

खिळा पुसून ठेवला आहे. येशील तेव्हा कात्री त्यावर टांगावी, जाताना घेऊन जावी. लोभ आहे, तो असाच येता-जाता असावा.

तुझा,
भावोजी